जे टाकायचं, ते आमच्याकडं होतं कुठं?

टिळकांवर लिहितो आहे. दचकू नका. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक. पाठ्यपुस्तकानं ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून चार ओळींत आटोपलं, ते. आंबेडकरी कार्यकर्त्यानं एका चित्पावन ख्रिस्ती कवीवर कागद का खर्चावा, हा प्रश्न वाजवी आहे. त्याचं उत्तर आमच्या वस्तीतल्या एका कार्यक्रमात आहे.

आमच्याकडं दरवर्षी दहावी-बारावीच्या पोरांचा गुणगौरव होतो. बाबासाहेबांच्या फोटोला हार, शाल, ट्रॉफी, पाहुण्यांचं भाषण. मीही त्या मंडळात आहे, पावत्या फाडतो. यंदा माझ्या आत्याच्या लेकीचं पोरगं दहावीला नापास झालं. कार्यक्रम होईस्तोवर ते मंडपामागं पाण्याच्या टाकीआड बसून राहिलं. आणि आम्ही माईकवरून सांगत होतो, शिकला तोच माणूस. आत्या ख्रिस्ती. तिचं सासर नगर जिल्ह्यातलं, पिढ्यांपासून चर्चला जाणारं. कार्यक्रम उरकल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"नापास झालं म्हंजी पोरगं माणसातून उठलं का रं? देवानं काय मार्कलिस्ट बघून जलमाला घातलं व्हतं त्याला?"

मी गप्प बसलो. तिच्या त्या दोन वाक्यांत एक अख्खं धर्मशास्त्र होतं. आणि आमच्या माईककडं त्याला उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध. मी बौद्ध आहे आणि बौद्धच राहणार, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी भलतीकडं जायला नको.

ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाची ओळख त्याच्या कमाईतून येत नाही. देव त्याला आधी आपला म्हणतो. कर्तबगारी मागून आली तर आली. नाही आली तरी ओळख जात नाही. पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आपलं कुळ, आपली सुंता, आपलं परूशीपण, आपलं नियमपालन यांची यादी केली आणि ख्रिस्तापुढं ती सगळी कवडीमोल ठरवली. लूकच्या शुभवर्तमानात परूशी देवळात उभा राहून स्वतःच्या पुण्याचा हिशेब वाचतो, आणि ज्याच्याकडं वाचायला हिशेबच नाही असा जकातदार त्याच्या आधी देवाला पावतो.

टिळक या वाटेनं गेले. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, बायको-मुलगा दुरावले, नातलगांनी तोंड फिरवलं. पुढं कवी म्हणून नाव झालं, चर्चमधून त्यांची पदं गायली जाऊ लागली. अभंग हा तुकोबांचा साचा त्यांनी ख्रिस्तासाठी वापरला. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते संन्यासी झाले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९मध्ये ते वारले.

या माणसाचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. जात, नातीगोती, पगार, मान, एकेक करून त्यांनी खाली ठेवलं. पण समीक्षा करायची तर हे विचारावं लागतं: खाली ठेवायला हातात आधी काहीतरी असावं लागतं. टिळकांचा ‘मी’ भरलेला होता, म्हणून तो रिकामा करण्याला अर्थ आला. ज्याला शतकानुशतकं ‘मी’ म्हणूच दिलं नाही, ज्यानं वेशीबाहेरून जोहार घातला, त्याला मीपणा सोड म्हणून सांगणं ही दुसरी लूट आहे. टिळकांची भक्ती वाचताना मला हेच खुपतं. त्यांच्या कवितेतला भक्त स्वतःला कमी कमी करत जातो. आमच्या बापजाद्यांना गावानं आधीच शून्य करून ठेवलं होतं. शून्यातून वजा काय करायचं?

आता तेच १९१७ साल दुसऱ्या बाजूनं बघा. कोलंबियाची पदवी घेतलेले, लंडनला अभ्यास करून आलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारापोटी बडोद्याला नोकरीवर हजर होतात. राहायला खोली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरतात. थोड्याच दिवसांत हातात काठ्या घेतलेले पारशी येतात आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणून बजावतात. टिळक आपल्या हातानं पगार टाकत होते, त्याच वर्षी बाबासाहेबांच्या हातून नोकरी सुटत होती, कारण डोक्यावर छप्पर नव्हतं. एकाचा त्याग, दुसऱ्याची हकालपट्टी. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याचं साल छापतात, दुसऱ्याचं छापत नाहीत.

बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात सांगितला आहे. त्यातला एक तपशील आपण भाषणांत बहुधा गाळतो. त्या दिवशी आसरा मागायला ते दोन मित्रांकडं गेले. एक हिंदू, त्यानं घरातले नोकर निघून जातील असं सांगून हात झटकले. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. नवरा-बायको दोघंही मूळचे ब्राह्मण. नवरा धर्मांतरानंतर मोकळ्या विचारांचा झाला होता, बायकोचं सोवळं तसंच राहिलं होतं. अस्पृश्याला घरात घेणं तिला चालणार नाही, हे बाबासाहेबांना कळून चुकलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

मित्रांनो, इथं थांबा. ज्या धर्माचं म्हणणं आहे की माणसाची किंमत जन्मावरही नाही आणि कमाईवरही नाही, त्या धर्माच्या घरात, त्या काळच्या हिंदुस्थानातल्या मोजक्या उच्चशिक्षितांपैकी एकाला रात्रीपुरती खोली मिळाली नाही. एका दारात दोन गोष्टी उघड्या पडल्या. पदवी माणसाला माणूस म्हणून उभं करत नाही. आणि बाप्तिस्म्याचं पाणी आपोआप सोवळं धूत नाही.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ वाचायची. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागानं आलं. मराठी समीक्षकांनी तिच्या भाषेचं, विनोदाचं भरपूर कौतुक केलं. पण मी ती बडोद्याच्या त्या दारापाशी उभा राहून वाचतो. कारण लक्ष्मीबाईही नवऱ्यामागून ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण बाई. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणाऱ्या कडकडीत सोवळ्याच्या बापाची लेक. नवऱ्यानं धर्म बदलल्यावरही त्या कित्येक वर्षं आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून राहिल्या. मग एके दिवशी हा जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला आहे, असं त्यांना मनोमन पटतं आणि त्या कुणाच्याही हातचं घ्यायला लागतात. कुठला समारंभ नाही, भाषण नाही. सोवळं सुटतं ते बाप्तिस्म्याच्या आधी, पाण्याच्या भांड्यापाशी.

मला हा प्रसंग टिळकांच्या संन्यासापेक्षा मोठा वाटतो. टिळकांनी स्वतःचं सोडलं. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याला आत घेतलं. श्रद्धेची कसोटी त्यागात धरली, तर ती पुन्हा त्याग परवडणाऱ्यांचीच मिरास होते. कसोटी उंबऱ्यावर धरली पाहिजे. आणि लिहिणारीचा थाट बघा. शाळा धड न शिकलेली ही बाई स्वतःच्या फजित्या सांगत सुटते. आपण कोण मोठ्या, हे एकदाही सिद्ध करायला जात नाही. कर्तबगारीच्या आधाराशिवाय माणूस किती ताठ उभा राहू शकतो, याचा हा मराठीतला अस्सल पुरावा आहे. तरीही ‘स्मृतिचित्रे’त महारवाडा येतो तो बाईंच्या नजरेतून. महारवाड्याची नजर त्यात नाही. ती कुठून यायची?

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशननं १८३१पासून काम केलं. ब्राह्मण ख्रिस्ती झाले ते बोटांवर मोजण्याएवढे, पण साहित्याच्या इतिहासात तेच. गावोगाव ख्रिस्ती झाले ते महार आणि मांग. १८७६-७७च्या दुष्काळानंतर तर लोंढा लागला. गाव म्हणालं, भाकरीसाठी बाटले. आपलेही काही लोक आज तेच म्हणतात. मी म्हणतो, ज्या धर्मानं मेलेलं ढोर ओढायला लावून वर उष्टं वाढलं, त्याला सोडताना कुणी पोटाचा विचार केला असेल, तर लाज त्या गावानं धरावी. आणि नुसती भाकरीच मिळाली होती काय? नाव मिळालं. पाटी मिळाली. ज्याची सावली टाळत होते त्याला बाकावर शेजारी बसवून, तू देवाचं लेकरू, असं कुणीतरी प्रथमच तोंडावर सांगितलं. आत्याच्या दोन वाक्यांची मुळं तिथं आहेत. ती टिळकांकडून आलेली नाहीत.

ही नजर शास्त्राच्या भाषेत मांडली अरविंद निर्मळ यांनी. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र ईश्वरशास्त्राची मांडणी केली, आणि तिथून पुढं दलित ईश्वरशास्त्र उभं राहिलं. त्यांचं पहिलं भांडण आपल्याच माणसांशी होतं. चर्चमध्ये बहुसंख्य कोण? दलित. आणि भारतीय ख्रिस्ती विद्वान बोलत कुणाशी बसले? वेदान्ताशी. ज्ञान, भक्ती, कर्म या ब्राह्मणी मार्गांशी ख्रिस्ताची सोयरीक जुळवण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. टिळकांना जे मला विचारायचं आहे, ते निर्मळांनी त्या अख्ख्या परंपरेला विचारलं.

निर्मळांनी अनुवादाच्या पुस्तकातला इस्राएलांचा कबुलीजबाब घेतला. ते लोक आपली ओळख सांगताना पराक्रमानं सुरुवात करत नाहीत. आमचा बाप भटका होता, आम्ही गुलाम होतो, आम्हाला सोडवलं, असं सांगतात. निर्मळ म्हणतात, दलित ख्रिस्त्यानं याच्याही खालून सुरुवात करावी. भटक्याला निदान भटकायची मोकळीक होती. आमचा पूर्वज वेशीबाहेर बांधलेला होता. आम्ही ‘लोक’सुद्धा नव्हतो. तिथून आम्ही निघालो. ख्रिस्ती झालो म्हणून दलितपण विसरायचं नाही, कारण तेच विसरलं तर कशातून सुटलो तेही सांगता येणार नाही. आणि लढाईचं शेवटचं टोक हक्क-सवलतींपाशी संपत नाही. पुरं माणूसपण, देवाच्या प्रतिमेत घडलेलं माणूसपण, हे ते टोक. टिळकांचा ‘मी’ ख्रिस्तापुढं विरघळतो. निर्मळांचा ‘आम्ही’ ख्रिस्तापुढं पहिल्यांदा उभा राहतो. श्रद्धा एक, दिशा उलट्या. फरक पडतो तो माणूस कुठून निघाला यावर.

इथवर मी ख्रिस्ती बाजूनं बोललो. आता बाबासाहेबांचा आक्षेप. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या अवस्थेवर त्यांनी लिहून ठेवलेला निबंध इंग्रजी खंडांच्या पाचव्या खंडात आहे. मिळवा आणि वाचा. त्यात त्यांनी नेमकी नस पकडली आहे. माणूस मूळ पापामुळं पडला, असं ख्रिस्ती उपदेश सांगतो. म्हणजे अस्पृश्यानं आपल्या अधोगतीचं कारण स्वतःच्या पापात शोधायचं. मग ज्या समाजरचनेनं त्याला खाली दाबलं, तिच्याशी तो लढणार कशाला? पापाची क्षमा मिळाली की संपलं. हा आक्षेप आजही जसाच्या तसा उभा आहे. ज्या चर्चमध्ये दलिताचं दफन वेगळ्या कोपऱ्यात होतं, तिथं कृपेवरची सगळी प्रवचनं फुकट आहेत.

मला हा पेच एका दाखल्यात पुरता दिसतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला. मालक पहाटे मजूर लावतो. पुन्हा नऊला, बाराला, तीनला, शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, पूर्ण दिवसाची. दिवसभर राबलेले कुरकुरतात. पाचला आलेल्यांना मालकानं विचारलं होतं, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणाले होते, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही.

नाक्यावर उभं राहिलेल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. तो आळशी नव्हता. त्याला कुणी घेतलं नव्हतं. आणि त्या कुरकुरणाऱ्यांचा सूर ओळखीचा वाटतो का बघा. आम्ही मेहनत केली, आमची गुणवत्ता, आणि यांना आमच्याबरोबरीनं? राखीव जागांविरुद्धचं सगळं वाङ्मय त्या कुरकुरीत आहे. दिवसाची मजुरी म्हणजे दिवस जगण्यापुरता पैसा. पोट पाचला आलेल्याचंही तेवढंच असतं. येशूनं माणसाची किंमत कामाच्या तासांपासून तोडली. हे क्रांतिकारक आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण दाखल्यात मळा कुणाचा? मालकाचा. तो देतो, कारण तो उदार आहे. आपल्या मालाचं हवं ते करायचा अधिकार त्याचा आहे, असं तोच सांगतो. उद्या तो उदार नसला तर? इथं बाबासाहेब वेगळे होतात. फुकट मिळालेली किंमत त्यांनाही हवी होती, पण मालकाच्या मर्जीवर नको होती. इंग्रजी अमदानीत मत होतं ते जमीनवाल्याला, करदात्याला, शिकलेल्याला, म्हणजे कमावलेल्याला. बाबासाहेबांनी १९२८मध्ये सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला. २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत ते बोलले, ते राजकारणात एक माणूस एक मूल्य आणि समाजात मात्र नाही, या विसंगतीबद्दल. अंगठेबहाद्दर मजुराचं आणि बॅरिस्टराचं मत एका वजनाचं. त्यासाठी मार्कलिस्ट लागत नाही, पुण्य लागत नाही, मालकाची कृपादृष्टी लागत नाही. ख्रिस्ती ज्याला कृपा म्हणतात, त्यातली दया काढून बाबासाहेबांनी त्याचा हक्क केला. माझ्या मते या विषयावर एवढंच एक वाक्य पाठ करण्यासारखं आहे.

मग आपण काय केलं? बाबासाहेबांच्या पदव्या मोजल्या आणि बडोदा विसरलो. आपल्या आत्मकथनांतही दोन वाटा आहेत. शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ १९८१चं. नावातच शिडी आहे: गावच्या तराळकीतून निघालेला मुलगा कुलगुरू होतो. ती शिडी चढणं सोपं नव्हतं, तिची टिंगल मी करणार नाही. पण चढू न शकलेल्यांचं त्या शिडीपाशी काय होतं? दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. त्यात शिकलेला, नोकरी करणारा दया पवार समोर बसतो आणि दगडू मारुती पवार त्याला सगळं सांगतो. वर गेलेल्याला खालचा सोडत नाही. ‘बलुतं’ मला जास्त खरं वाटतं ते यासाठी, की कमाईनं ओळख पुरी होत नाही, हे त्यात लपवलेलं नाही. १८ मार्च १९५६ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी दगा दिला म्हणून बोलून दाखवलं. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखोंना दीक्षा दिली, तेव्हा रांगेत कुणाची सनद तपासली नाही.

कुणी म्हणेल, बुद्धानं तर कर्मावर भर दिला. वसल सुत्तात जन्मानं कुणी हीन नाही, कृतीनं होतो असं सांगितलं. खरं आहे. पण ती कृती म्हणजे हिंसा, चोरी, खोटेपणा करणं किंवा न करणं. टक्केवारी नव्हे. शील आणि यश यांची आपण गल्लत केली. नापास झालेल्या पोरानं कुठलं शील मोडलं?

एक शेवटचं, आपल्याच दारातलं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची ओळख हिंदूंपुरती ठेवली. १९५६मध्ये शीख त्यात आले, १९९०मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. गाव त्याला महार म्हणून ओळखतं, सरकार ओळखत नाही. केंद्राच्या त्या यादीबाहेर १९९०पर्यंत आपणही उभे होतो. आत आल्यावर आपण दार लावून घेतलं की काय? बाटगे, मिशनवाले, हे शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात, ते तपासा. बडोद्याच्या त्या बाईनं दार उघडलं नाही, म्हणून आपल्याला राग येतो. आत्याच्या लेकरांसाठी आपण कुठलं उघडलं?

त्या पोराला मी नंतर टाकीआडून उठवलं. माईक, खुर्च्या आवरायला बरोबर घेतलं. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आहे, गणिताला आमच्यातला एक जण बसवतो. शिकायचं तर आहेच. बाबासाहेबांचा तो हुकूम आहे. पण शिकायचं ते माणूस होण्यासाठी नाही. माणूस तो आधीच आहे, म्हणून शिकायचं.

पुढच्या वर्षी गुणगौरव करायचा तर नापास पोरांनाही मंडपात पुढं बसवायचं, असं मी मंडळात मांडणार आहे. विरोध होईल. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी बैठकीला यावं.

जयभीम.